शब्दचर्चा: वाण 'मोडतो' की 'चकतो'?

कुळागर: भातावरच्या करप्याबद्दल शेतकऱ्यांसाठी एक घडीपत्रिका मराठीत करतेय. आशय असा की, रोगाला दाद न देणारा वाण काही हंगामांनी त्याच रोगाला बळी पडू लागतो. मी लिहिलं, 'वाणाची प्रतिकारशक्ती मोडते'. संगमेश्वरकडच्या एका शेतकरीकाकांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "मोडते म्हंजे मानमोडी काय?" लोंबीची मान काळी पडून वाकते तो करपा म्हणजे मानमोडी, त्यामुळे अर्थ भलतीकडेच गेला. 'खालावते', 'ढासळते', 'निष्प्रभ होते' यांतलं काय चालेल?

पागोळी: तिन्ही नकोत. या क्रियापदांनी सगळा दोष भाताच्या माथी जातो. भात आहे तसंच असतं, बदलते ती बुरशी. हॅरॉल्ड फ्लॉर यांनी १९४०च्या दशकात नॉर्थ डकोटात जवसावरच्या तांबेरा या बुरशीचा अभ्यास करून हे मांडलं: जवसातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला तांबेऱ्यात जोडीचं एक जनुक असतं. त्यामागची यंत्रणा पुढे उलगडली. रोपातल्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला रोगजंतूच्या एका ठरावीक प्रथिनाची चाहूल लागते, लागण झालेली पेशी स्वतः मरते आणि रोग तिथेच अडतो. बुरशीने आपलं ते प्रथिन बदललं किंवा टाकून दिलं, की चाहूल लागत नाही. अख्ख्या मळ्यात एकच वाण असला, तर अशी बदललेली बुरशी बघता बघता पसरते. म्हणून 'वाण चकतो', किंवा 'बुरशी वाणाला चकवते'. कोकणात चकवा कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

खाजणकाठ: 'चकतो' आवडलं. पण पत्रिकेत नुसतं 'करपा' लिहू नका. पानावर डोळ्याच्या आकाराचे, मधे राखाडी ठिपके पडतात तो बुरशीचा. पान कडेने वाळत जातं तो कडा करपा, जिवाणूचा. दोन्हींची प्रतिकारक जनुकं वेगळी. आमच्या वाडीत दोन्हींना करपाच म्हणतात आणि मग भलतंच औषध मारलं जातं.

शब्दनिष्ठ: मुळात 'प्रतिकारक' हाच शब्द चुकीचा. प्रतिकार जाणूनबुजून केला जातो. रोप अडवतं, म्हणून 'रोगरोधक'. आणि 'जीन' नको, 'जनुक'च हवं. जन् धातू, पुढे कामुक-भावुकसारखा उक. इतका नेटका शब्द हाताशी असताना उसनवारी कशाला?

तरवा: शेतकरी मेळाव्यांत 'प्रतिकारक वाण' हेच ऐकत मोठे झालो. शेतकऱ्याला कळलेला शब्द बदलायचा आणि कोशाला खूश करायचं, हे मला पटत नाही.

पागोळी: 'रोधक'सुद्धा सगळीकडे बसत नाही. हैदराबादहून २००८ मध्ये सुधारित सांबा मसुरी ही भाताची जात आली. तिच्यात कडा करप्याविरुद्ध तीन जनुकं एकत्र आणली आहेत: एक्सए-२१, एक्सए-१३ आणि एक्सए-५. एक्सए-२१ मूळचं आफ्रिकेतल्या एका रानभाताचं, ते खरंच जिवाणूची चाहूल घेतं. एक्सए-१३ची गोष्ट निराळी. जिवाणू भाताचं साखर बाहेर सोडणारं जनुक स्वतःच्या सोयीसाठी चालू करतो. एक्सए-१३ असलेल्या भातात त्या जनुकाचा चालू करायचा भागच बदललेला असतो, म्हणून जिवाणूला साखर मिळत नाही. इथे कोण कोणाला रोधतंय? त्याची पकड बसत नाही, इतकंच.

शब्दनिष्ठ: मग त्याला 'प्रतिकारक' तरी कसं म्हणता?

खाजणकाठ: 'उत्क्रांती' या शब्दावरही बोला कोणीतरी. त्यातला 'उत्' म्हणजे वर. वाचणाऱ्याला वाटतं जनुकं सुधारत सुधारत वर चालली आहेत. भातात चाहूल घेणाऱ्या एका मोठ्या कुळाचीच ५००च्या आसपास जनुकं आहेत, बरीचशी घोळक्याने शेजारी शेजारी. त्यांच्या प्रती होतात, तुकड्यांची अदलाबदल होते, काही निकामी होतात. यात 'वर' काय आहे? 'पालट' म्हणा.

माडाचीवाडी: पालट वरून आठवलं. आमचे आजोबा करपा वाढला की म्हणायचे, "औंदा बी पालटूक व्हया." शेजारच्या गावातून वालय या भाताचं बी आणायचे. कुळागरताई, हेच लिहा ना!

तरवा: बी पालटणं म्हणजे भेसळ झालेलं बी बदलणं. त्याचा रोगाशी संबंध नाही. आमच्याकडे तरी नाही.

माडाचीवाडी: आमच्याकडे आहे. वालय, बेळा, मुणगा आलटून पालटून लावत. एकाच कलमावरून वाढवलेली हापूसची बाग आणि बांधावरचे रायवळ, दोन्ही बघा. हापूसवर भुरी आली की सगळ्या झाडांचा मोहोर सारखाच धरते. रायवळ कोयीपासून आलेले, प्रत्येक झाड वेगळं, एखादं तरी सुटतं.

शब्दनिष्ठ: 'रायवळ' की 'रायवळी'? आमच्या घरी कायम 'रायवळी आंबा' म्हणत.

कुळागर: पत्रिका सोमवारी छापायला जाते आहे. 'चकतो' लिहू का?

तरवा: रायवळ. 'रायवळी' मी घाटावरच ऐकलंय.

शब्दनिष्ठ: माझी आई राजापूरची, घाटावरची नव्हे.