मोआना रीफबाहेर गेली: बंड की गरज?

उलांडी_मालवण
'मोआना' (२०१६) हा चित्रपट पाहिलेल्यांसाठी. मोतुनुई बेटाचा सरदार तुई बजावतो, रीफच्या, म्हणजे बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याच्या, बाहेर कोणी जायचं नाही. त्याची मुलगी मोआना तरीही दोनदा जाते: एकदा भरदिवसा डुकराचं पिल्लू घेऊन, दुसऱ्यांदा रात्री, आजीच्या सांगण्यावरून. माझ्या मते पहिली फेरी चूक, दुसरी बरोबर. पहिली चूक कशी? बापाचं ऐकलं नाही हा मुद्दाच नाही. होडी वाईट हाकली. मोठ्या लाटा तीन-चार एकामागोमाग येतात, मग जरा उसंत मिळते. ती उसंत बघून, होडीचं तोंड सरळ लाटेत धरून वल्हं मारायचं असतं. जराशी आडवी झाली की पालथी. मोआना एक लाट पार होताच निर्धास्त होते, पुढची तिला उलथवते. पाय प्रवाळात अडकतो, होडीचा चुराडा होतो.

खाडीकाठ
बापाशीचा काय चुकला ता सांगा! तरुणपणी तो स्वतः बाहेर गेलेला, सोबतचा जिवलग मित्र बुडाला. त्या अनुभवातून नियम आला. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, ती मोडणाऱ्याला कोणी नायिका म्हणत नाही. एक होडी अडकली की सोडवायला चार जणांना जीव धोक्यात घालावा लागतो. त्यात ही सरदाराची एकुलती एक वारस.

माडवाली
खाडीकाठ, पावसाळी बंदीला तारीख असते. ६१ दिवस झाले की नारळी पुनवेची तयारी. तुईच्या बंदीला शेवटच नाही.

आता नारळाचं बघा. फोडलेला नारळ आतून काळा निघतो तेव्हा मोआना सांगते, रोगट माड तोडून नवी बाग लावू. मोठी शहाणी सूचना म्हणून सगळे माना डोलावतात. पण बाणवली, म्हणजे उंच जातीचा, माड लावल्यापासून फळ धरायला ६-७ वर्षं घेतो, टी बाय डी, म्हणजे उंच आणि ठेंगू जातींचा, संकर लावलात तरी ४-५. दोन माडांत २५ फूट अंतर सोडायचं, पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी घालायचं, गेंड्या भुंग्यापासून कोंब सांभाळायचा. तोवर खायचं काय? दुखणं जमिनीत पसरत असेल तर नवं रोपही त्याच मातीत जाणार. मासळीचंही तसंच. जागा बदलून झाल्या, वाऱ्याकडची बाजू झाली, आडोशाची झाली, उथळ पाणी, चॅनेल, सगळं झालं. जाळी रिकामी. आतले सगळे उपाय संपल्यावरच ती रीफचं नाव काढते. याला मी बंड म्हणणार नाही, हिशेब म्हणेन.

शेवाळ
आणि रात्री निघताना आई सीना पकडते तेव्हा ओरडत नाही, गाठोडं बांधून देते. अर्धं घर सामील असताना बंड कुठलं?

खाडीकाठ
हिशेब मान्य. तयारी कुठे होती? आजी म्हणते, माउई या अर्धदेवाला शोधायला आकाशातल्या गळाच्या मागे जा. तो गळ म्हणजे आपली वृश्चिक रास. तारा क्षितिजालगत असतो तेव्हाच दिशा देतो, वर चढला की त्याच जागी उगवणारा पुढचा तारा धरायचा. नुसत्या वृश्चिकाच्या मागे रात्रभर गेलात तर आग्नेयेला निघालेली होडी पहाटे नैर्ऋत्येला तोंड करून असते. शिवाय एकट्या माणसानं झोपायचं कधी? मोआनाला डुलकी लागते, उठते तर गळ भलत्याच बाजूला. घाईनं होडी वळवायला जाते आणि पालथी. समुद्र दरवेळी उचलून ठेवतो म्हणून वाचली.

उलांडी_मालवण
होडीबद्दल बरोबर. उलांडी, म्हणजे होडीला बाजूनं जोडलेला तरंगता ओंडका, एकाच बाजूला असली की वारा त्या बाजूनं घ्यायचा, मग ती वजन म्हणून होडी तोलून धरते. उलट बाजूनं भरला तर वारा उलांडीला पाण्यात दाबतो. हे शिकवायला कोणीतरी हवं. पण शिकवणारे बेटावर होते कुठे? पूर्वजांच्या होड्या गुहेत कोंडलेल्या. १९७६ साली होकुलेआ ही जोडहोडी हवाईहून ताहितीला उपकरणांशिवाय गेली, तेव्हा वाट दाखवायला माऊ पियाइलुग यांना मायक्रोनेशियातून बोलवावं लागलं. हवाईत ती विद्या जाणणारा उरला नव्हता. विद्या कोंडली की अशी गत होते.

माडवाली
खरा आततायीपणा 'ते का' या लाव्हाच्या राक्षसासमोर आहे. माउई परत फिर म्हणतो, ही सुकाणू सोडत नाही. माउईच्या हातातल्या जादूच्या गळाला तडा जातो, तो निघून जातो. त्या निर्णयाचं समर्थन मी करणार नाही. दुसऱ्या खेपेला मात्र तिनं हेरलेलं असतं की लाव्हाचा तो राक्षस पाण्यात उतरू शकत नाही, म्हणून बेटांच्या फटीतून घुसते. धाडस तेवढंच, पण आधी बघून घेतलेलं.

खाडीकाठ
म्हणजे पहिल्यांदा चुकली, हे तुम्हीच म्हणताय.

माडवाली
म्हणतेय ना. पण गुहेतल्या होड्या जाळायला निघालेल्या सरदाराबद्दल तुम्ही अजून अवाक्षर काढलेलं नाही.