मदत हवी आहे : 'जेड एम्पायर' दुसऱ्यांदा खेळताना 'बंद मूठ' निवडावी का?

नमस्कार मंडळी. या धाग्यात गोष्टीचा शेवट उघड होणार आहे. ज्यांना हा गेम खेळायचा आहे त्यांनी इथूनच परत फिरावं.

कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा 'जेड एम्पायर' हा व्हिडिओ गेम २००५ साली एक्सबॉक्सवर आला आणि २००७ मध्ये पीसीवर त्याची 'स्पेशल एडिशन' निघाली. २००८ मध्ये होस्टेलवर रूममेटच्या कॉम्प्युटरवर मी तो निम्मा खेळलो होतो. गेल्या महिन्यात पुन्हा विकत घेतला आणि रोज रात्री तासभर बसून पूर्ण केला. बरेचदा शेजारी माझी चौदा वर्षांची भाची असायची. ती कराटे शिकते, त्यामुळे नायिका आम्ही दोघांनी मिळून निवडली, वू.

आधी काय आवडलं ते लिहितो. पहिला मान गोष्टीचा. टू रिव्हर्स गावातल्या छोट्या गुरुकुलात आपण मास्टर ली यांच्या हाताखाली वाढतो. पुढे वाटेत भेटणारे जाणकार आपल्या लढण्याच्या पद्धतीकडे बघून थबकतात, त्यात काहीतरी खोट आहे असं सुचवत राहतात. आपण ते कानाआड करतो. शेवटी कळतं की गुरूनेच शिकवताना आपल्या विद्येत जाणूनबुजून एक फट ठेवली होती, आणि त्याच फटीतून तो आपल्याला मारतो. इतके तास आपण स्वतःच्या हातांनी ज्या चाली खेळलो त्यांच्यातच घात लपवलेला असतो. गोष्ट आणि खेळणं इतकं एकजीव झालेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलंय. भाची तर दोन मिनिटं गप्पच होती. "गुरू असं करतो?" एवढंच म्हणाली.

जगही मन लावून घडवलंय. हे काही चीन नव्हे, चिनी पुराणकथांच्या धाग्यांनी विणलेलं काल्पनिक साम्राज्य आहे. बायोवेअरच्या लोकांनी त्यासाठी 'थो फान' नावाची एक भाषाही अल्बर्टा विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञाकडून बनवून घेतली. राजधानीत सर रॉडरिक नावाचा परदेशी गोरा भेटतो, जॉन क्लीजच्या आवाजात. तो आपल्याला रानटी ठरवतो आणि भर सभेत त्याच्याशी वाद घालून जिंकता येतं. तो प्रसंग मी दोनदा खेळलो.

आता माझी अडचण. मी लातूरचा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आमच्याकडे रेल्वेने पाणी यायचं तेव्हा मी तिथेच होतो. या गेमच्या मुळाशी दहा वर्षांचा दुष्काळ आहे. तो संपवण्यासाठी सम्राट सन हाय आपल्या भावांसह डर्जच्या मठावर चाल करून जातो, तिथल्या साधूंची कत्तल होते आणि जलदेवता असलेल्या वॉटर ड्रॅगनची शक्ती तो बळकावतो. पाऊस पडतो. पण मेलेल्यांना पलीकडे नेण्याचं कामही त्या देवतेचंच, म्हणून भुतं भटकायला लागतात. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. पाण्यासाठी माणूस कुठवर जाईल, हा आमच्याकडे पुस्तकी प्रश्न नाही.

एवढा मोठा प्रश्न हातात असताना गेम मात्र माझ्या प्रत्येक निर्णयाला एका पट्टीवर मोजतो. एका टोकाला 'उघडा तळवा', म्हणजे इतरांना मदत करण्याचा मार्ग, दुसऱ्या टोकाला 'बंद मूठ'. मी पहिल्यांदा उघड्या तळव्याने खेळलो, ड्रॅगनला मुक्त केलं, सगळ्यांनी कौतुक केलं. पण ज्या दुष्काळापायी हे सगळं घडलं त्याचं पुढे काय, याचं उत्तर काही मनाला पटेल असं मिळालं नाही.

तर प्रश्न असे :

बंद मुठीचा मार्ग प्रामाणिकपणे लिहिलाय का? सुरुवातीला सांगतात की तो दुष्टपणा नव्हे, ते स्वावलंबनाचं तत्त्वज्ञान आहे. भाची म्हणाली, "आजी तर म्हणते झाकली मूठ सव्वा लाखाची, मग मूठ वाईट का?" मला उत्तर देता आलं नाही. वीसेक तास पुन्हा घालवण्याआधी हे जाणून घ्यायचंय.

दुसरं, लढाया. मार्शल आर्ट्सच्या गेममध्ये लढाईच कंटाळवाणी व्हावी याचं वाईट वाटतं. शत्रूच्या डोक्यावरून उडी मारायची, पाठीत दोन फटके, पुन्हा उडी. निम्मा गेम मी असाच संपवला. माझं काय चुकतंय?

तिसरं, भाचीला स्वतःला खेळायचाय. देऊ का?

प्रतिसाद : माणदेशी

दुष्काळाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. आम्ही माणमधले, त्यामुळे तो भाग मलाही असाच लागला होता.

मी दोन्ही मार्ग खेळलोय. खरं सांगायचं तर बंद मुठीचं तत्त्व सुंदर मांडलंय, पण ते पेलवलेलं नाही. तत्त्व असं की दुबळ्याला उचलून घेतलंत तर तो दुबळाच राहील, त्याला त्याच्या पायावर उभं राहायला भाग पाडा, साखळी त्यालाच तोडू द्या. याच्याशी वाद घालता येतो, पण ते दुष्ट नाही. अडचण अशी की पुढे बहुतेक ठिकाणी बंद मुठीचा पर्याय म्हणजे जास्त चांदी मागा, धमकी द्या किंवा ठार मारा, एवढाच उरतो. गेममधल्या टीएन्स लँडिंग गावाचं धरण आठवा. दरवाजे बंद करायचे, की एका व्यापाऱ्याच्या चांदीसाठी यंत्रणा मोडून ते कायमचे उघडे ठेवायचे. यात स्वावलंबन कुठे आलं? हा निव्वळ लोभ. पाण्याच्या प्रश्नावर तरी लेखकांनी दोन्ही बाजूंना वजन द्यायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

तत्त्वाला जागणारे प्रसंग आहेत, पण ते थोडे. ते शोधायचे तर पट्टीकडे बघूच नका. प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, यातला कोणता पर्याय समोरच्याला बळकट करतो? तो निवडा, पट्टी कुठे का जाईना. ताकद वाढवणारी काही रत्नं ठरावीक मार्गावर असल्याशिवाय ताईतात बसवता येत नाहीत, त्यावर पाणी सोडावं लागेल. मी असा एकदा खेळलो आणि तीच फेरी सगळ्यात जास्त लक्षात राहिली.

शेवट मात्र बघाच. ड्रॅगनला मुक्त न करता तिची शक्ती स्वतःकडे घेतलीत तर काही साथीदार तुमच्याविरुद्ध उभे राहतात. ज्यांच्याबरोबर इतकं चाललो त्यांच्यावर हात उचलताना सम्राट सन हाय मला पहिल्यांदा कळला.

प्रतिसाद : रात्रपाळी

लढाईबद्दल. उडीची युक्ती बंद करा, ती सगळा गेम खाऊन टाकते. काठिण्य 'ग्रँड मास्टर' ठेवा.

मग पाया नीट धरा. झटपट वार ढालीवर अडतो, जोरदार वार ढाल फोडतो पण त्याला वेळ लागतो, तेवढ्यात समोरच्याने झटपट वार केला तर तुमचा वार मोडतो. हे तिघांचं चक्र आहे. यावर खरी गंमत चढते ती संयुक्त चालींची. 'पॅरालायझिंग पाम'सारख्या साहाय्यक शैलीतला (शत्रूला जखडणाऱ्या चालींच्या संचातला) जोरदार वार आधी, मग लगेच लढाऊ शैलीवर येऊन दुसरा जोरदार वार. जमलं की शत्रू एका फटक्यात संपतो. माझ्या मते या गेममधली सगळ्यात समाधानाची गोष्ट हीच आणि ती बऱ्याच जणांना सापडतच नाही.

शैली मोजक्याच वाढवा, तीन किंवा चार. गुण सगळीकडे वाटले की काहीच धड होत नाही. जादूला 'ची' म्हणजे अंगातली ऊर्जा लागते, जखमा भरायलाही तीच 'ची'. शस्त्र 'फोकस' म्हणजे एकाग्रता खातं आणि वेळ संथ करायलाही फोकसच. म्हणजे काय वाचवायचं हे आधी ठरवावं लागतं. गोलेमवर (पुतळ्यासारख्या शत्रूंवर) जादू आणि साहाय्यक शैली चालत नाहीत, तिथे घाईत असाल तर मार खाल.

एवढं करूनही मोठ्या लढायांत कॅमेरा आणि गर्दी त्रास देतात, ते काही सुधारत नाही. विमानाच्या फेऱ्या वरवरच्या आहेत, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

प्रतिसाद : शब्दवेडी

भाचीबद्दल लिहिते, मीही एका मुलीची आई आहे. अमेरिकेत याला 'एम' म्हणजे १७ वर्षांपुढचा दर्जा आहे. रक्त दिसतं, संयुक्त चालीत शरीरं फुटतात. त्याहीपेक्षा दक्षिणेच्या जंगलातल्या 'पिलग्रिम्स रेस्ट' धर्मशाळेखालचा नरमांसभक्षकांचा भाग जड आहे. वाइल्ड फ्लॉवर ही लहान मुलगीही मेलेली असून तिच्या अंगात दोन शक्ती नांदतात, ते काही मुलांना भीती घालतं. तिने तुमच्या शेजारी बसून बरंच पाहिलंय, म्हणजे काय झेपतं ते तुम्हालाच ठाऊक. मी असते तर धर्मशाळेचा भाग स्वतः खेळले असते आणि बाकी तिच्या हाती दिला असता, शेजारी बसून.

आणि तिच्या मुठीच्या प्रश्नाला उत्तर देऊच नका. तिलाच खेळून ठरवू द्या.

प्रतिसाद : रात्रपाळी

राहिलंच. गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला असेल आणि नव्या लॅपटॉपवर 'स्टीम सापडत नाही' असा संदेश आला, तर स्टीमच्या फोल्डरमधली स्टीम डॉट डीएलएल फाइल उचलून गेमच्या फोल्डरमध्ये टाका. माझा असा सुरू झाला.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. माणदेशी, पट्टीकडे न बघण्याची तुमची सूचना मला फार पटली. शब्दवेडी ताई, तुमचंही ऐकलं. बहिणीशी बोललो, तिने होकार दिला, पण धर्मशाळा मीच खेळायची या अटीवर.

काल रात्री ग्रँड मास्टरवर सुरुवात केली. कंट्रोलर भाचीच्या हातात आहे, चाली ती ठरवते. उडी बंद. गुरुकुलातल्याच लढाईत तीनदा हरली, चौथ्यांदा जिंकली. संयुक्त चाल अजून जमत नाही, जोरदार वार आणि शैली बदलणं यांत तिचा अर्धा क्षण जातो. रात्रपाळी, शैली बदलायची घाई वार लागायच्या आधी करायची की नंतर? तेवढं सांगा, आज रात्री पुन्हा बसणार आहोत.