तराफ्याच्या कप्प्यांत पाणी येतंय, गळती नेमकी कुठं ते कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. भिलवडीजवळ कृष्णाकाठी शेती आहे. 2019 च्या पुरानंतर आम्ही चौघांनी मिळून नदीवरच्या मोटरसाठी लोखंडी तराफा करून घेतला. 8 बाय 5 फूट, 2 फूट उंच, 3 एमएम पत्रा, आत 6 बंद कप्पे, प्रत्येकाला वरनं बूच. आता महिनाभर झालं एक कोपरा बसायला लागलाय, बुचं काढून काठी घालून बघितलं तर कोपऱ्यातल्या आणि त्याच्या शेजारच्या कप्प्यात सारखंच पाणी, बाकीचे चार कोरडे ठणठणीत. उपसलं तर आठ दिवसात परत तेवढंच.

वेल्डर म्हणतोय कॉम्प्रेसर लावून 2 किलो (म्हणजे दर चौरस सेंमीला 2 किलो दाबाची) हवा मारू. मला भीती वाटतीय, कारण एका कप्प्याचा वरचा पत्राच साधारण 6000 चौरस सेंमी आहे, म्हणजे 1 किलोला 6 टन जोर, पत्रा फुगून जोड उकलले तर काय करायचं? हवा किती द्यावी आणि एमसील टिकंल का? पाऊस तोंडावर आलाय, कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद: दादा, 2 किलो अजिबात नको. तराफा बुडून बुडून 2 फूट बुडणार, मग तेवढ्याच पाण्याचा दाब पुरे. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, यू आकारात पाणी भरून एक टोक बुचाला जोडा, दोन्हीकडच्या पाण्यात 60-70 सेंमी फरक पडंपर्यंत सायकलच्या पंपानं हवा द्या. मग जोडांवर साबणाचं पाणी. पहाटेच करा, ऊन लागलं की आतली हवा तापून माप चुकतं. दोन्हीकडं सारखं पाणी म्हणजे मधला पडदा पण गळत असणार, शेजारच्या कप्प्याला दुसरी नळी लावून बघा. एमसील तात्पुरतंच. वेल्डिंग करताना बूच उघडं पाहिजेच, आणि आत डोकं घालू नका, गंज आतला ऑक्सिजन खातो.

पुन्हा मीच: खूप आभार. आज पहाटे केलं. तळाच्या जोडाला एका जागी बारीक फेस आला, आणि शेजारची नळी पण हळूहळू चढली, म्हणजे पडदा गळतोयच. तळाचं बाहेरनं होईल, पण पडद्यासाठी वरचा पत्रा कापावा लागंल का? कुणी केलं असंल तर सांगा, तराफा अजून काठावरच आहे.