शाळा सुरू होताना वस्तीतल्या मुलांना काय द्यावं? दप्तरं की वह्या?

चेंबूरनाका:
नमस्कार मंडळी. सोसायटीतल्या आम्ही दहाबारा जणींनी मिळून साठ हजारांच्या आसपास जमवलेत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मानखुर्दला राहतात. त्यांच्या वस्तीतल्या शंभरेक मुलांना जूनमध्ये काहीतरी द्यायचं चाललंय. एकीचं म्हणणं दप्तर, वॉटरबॅग आणि लाँगबुकांचा सेट करू. दुसरीला घरोघरचे जुने कपडे गोळा करायचेत. तिसरीला त्या दिवशी पुलाव आणि गुलाबजाम हवेच आहेत. अब्दुल रहमान स्ट्रीटला जाऊन होलसेलचे भाव काढून आणलेत. हे काम कुणी केलंय का? काय घ्यावं, काय टाळावं?

खडूबाई:
मी गोवंडी-देवनारकडे पालिकेच्या मराठी शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहे. ताई, दप्तरं घेऊ नका. थांबा, चिडू नका.

पालिकेच्या शाळेतल्या मुलांसाठी 27 शालोपयोगी वस्तूंची योजना आहे. गणवेश, बूट, दप्तर, वह्या सगळं त्यात येतं. बालभारतीची पुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत फुकट. तुमचं दुसरं दप्तर पोटमाळ्यावर जाणार, नाहीतर गावाकडच्या चुलत भावाला. पण त्याच गल्लीत, चार दारं सोडून, विनाअनुदानित इंग्रजी शाळेत जाणारी पोरं असतात. आईबाप पोटाला चिमटा काढून फी भरतात आणि त्या पोरांना ना 27 वस्तू, ना दुपारची खिचडी. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, फी भरतायत म्हणजे बरं चाललंय! तेव्हा मावशींना पहिला प्रश्न हा विचारा, कोण कुठल्या शाळेत जातं? यादी तिथून सुरू करा.

दुसरं म्हणजे जून सोडा. जूनमध्ये सगळेच येतात. नगरसेवकाचे कार्यकर्ते येतात, गणपती मंडळं येतात, वहीच्या मुखपृष्ठावर भाऊंचा हसरा फोटो असतो. खरी ओढाताण दिवाळीची सुट्टी संपली की सुरू होते. वह्या भरलेल्या असतात, पेन्सिलीचं थोटूक बोटात मावेनासं होतं. माझ्या वर्गात एक मुलगा होता, जुनं लिहिलेलं खोडरबरानं पुसून त्याच पानावर पाढे लिहायचा. पान इतकं विरलं होतं की मागच्या पानावरचे आकडे दिसायचे, आणि तो ते आकडे चुकवून मधल्या जागेत लिहायचा. वही आण म्हटलं की दुसऱ्या दिवशी शाळेलाच दांडी. त्यामुळे निम्मे पैसे नोव्हेंबरसाठी राखून ठेवा.

वह्या घ्याल तर इयत्तेप्रमाणे घ्या. पहिली-दुसरीला दुरेघी, इंग्रजीला चौरेघी, गणिताला चौकटी. सहा वर्षांच्या पोराच्या हातात लाँगबुक दिलं तर ते त्यात चित्रं काढतं. काढू दे बापडं, पण शाळेत चालत नाही. कुठली वही चालते ते वर्गशिक्षिकेला विचारलं की दोन मिनिटांत कळतं, आणि हे विचारायला कुणी येत नाही.

कपड्यांचं सांगते. जुलैत एकच गणवेश असलेलं मूल मी वासावरून ओळखायचे. रात्री धुतलेला शर्ट दहा बाय दहाच्या खोलीत, स्टोव्हच्या वाफेत सुकत नाही. सकाळी तो तसाच ओला अंगावर चढतो आणि वर्गात कोणी शेजारी बसत नाही. गणवेशाचा दुसरा जोड ही फार मोठी मदत आहे. आणि आतले कपडे नवे घेऊन द्या. चड्ड्या, बनियन, मोठ्या मुलींना स्लिप. देणगीच्या गाठोड्यात ते कधीच नसतात, आणि जुने तर द्यायचेच नसतात. बाकी जुने कपडे चालतील, पण चेन तुटलेली, इलॅस्टिक गेलेलं असेल तर तुमच्याकडेच फडक्याला वापरा.

खाऊचं म्हणाल तर पालिकेच्या शाळेत आठवीपर्यंत पोषण आहार असतो. पाचवीपर्यंत मुलामागे 100 ग्रॅम धान्य, पुढे 150. पण तो मिळतो मधल्या सुट्टीत. सकाळच्या सत्रातली पोरं कोऱ्या चहावर आलेली असतात आणि प्रार्थनेला एखादं भोवळ येऊन बसतंच. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, फुटाणे, केळी असं काही आठवड्यातून दोनदा पोचवता आलं तर एका दिवसाच्या गुलाबजामापेक्षा बरं. पितृपक्षात वस्तीत इतकं अन्न येतं की पोरं नको म्हणतात. मे महिन्यात कुणी फिरकत नाही.

फोटो काढूच नका. एका मंडळानं आमच्या पोरांना बॅनर लागेपर्यंत उन्हात उभं केलं होतं. सातवीतली एक मुलगी दप्तर न घेताच वर्गात निघून गेली. मला तिचं फार कौतुक वाटलं.

रात्रीचा_अभ्यास:
खडूबाईंना अनुमोदन. फक्त रात्रशाळा विसरू नका. दिवसभर गॅरेजात नाहीतर कुरिअरच्या गोणी उचलून संध्याकाळी आठवी-दहावीला बसणारी मुलं असतात. मी स्वतः तसाच शिकलो. वर्ग सुरू व्हायच्या आधीचा वडापाव मिळाला नाही तर दुसऱ्या तासाला डोळे मिटतात. मासूम ही संस्था मुंबईतल्या रात्रशाळांबरोबरच काम करते, त्यांच्याशी बोलून बघा. या मुलांना कंपासपेटी आणि दहावीचे सराव प्रश्नसंच द्या. कार्टूनवालं दप्तर दिलंत तर हसतील.

लोकल_डबा:
पुलावाबद्दल एकच सांगतो. दुपारी बाराला शिजवून पातेल्यात झाकून ठेवलेला भात जूनच्या दमटपणात चारपर्यंत आंबतो. शिजवायचंच असेल तर वस्तीत शिजवा आणि गरम वाढा. आणि वाटपाच्या वेळी एकटंच भटकणारं, घर सांगू न शकणारं लहान मूल दिसलं तर खाऊ देऊन निघून येऊ नका, 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

चेंबूरनाका:
सगळ्यांचे आभार. मावशींना विचारलं. त्यांच्या चाळीतली निम्मीअधिक मुलं खरंच खाजगी शाळेत निघाली, आम्हाला कल्पनाच नव्हती. गुलाबजामवाली रुसलीय, तिला चिक्कीवर आणतेय. खडूबाई, खाजगीवाल्यांना बूट द्यायचे तर मापं कशी घ्यायची? मावशी म्हणतात, "सगळ्यांना पाच नंबर आणा, होतील."

खडूबाई:
पाच नंबर अजिबात नको, मावशींचं ऐकू नका! रद्दीच्या कागदावर पाऊल ठेवायला लावा, पेन्सिलनं आखून घ्या, आतच नाव आणि इयत्ता लिहा. ते कागद कापून सरळ दुकानदाराकडे न्या आणि प्रत्येकाला एक माप मोठं घ्या. आणि बिल देताना बदलून द्यायचं कबूल करून घ्या, दहा-बारा जोड तरी परत जातातच.