मदत हवी आहे : ओशनिया चॅम्पियन्स लीगचा 2019 चा मोसम (बेटावरचा क्लब जिंकला तो)

पेठेतला_लेफ्टबॅक

मंडळी, आमच्या तालमीची स्मरणिका निघतेय आणि फुटबॉलवरचा लेख माझ्या गळ्यात पडलाय. मेस्सी-रोनाल्डोवर लिहिणार नाही हे आधीच सांगून टाकलंय. ते कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. मला लिहायचंय ओशनिया चॅम्पियन्स लीगवर, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांच्या क्लबांची जी स्पर्धा असते तिच्यावर. फिजी, सोलोमन, वानुआतू, ताहिती, पापुआ न्यू गिनी, न्यू कॅलेडोनिया आणि अर्थात न्यूझीलंड. (न्यूझीलंडपण बेटच की, पण तिथं त्यांना कुणी बेटवाले म्हणत नाही.)

एवढं कळलंय की ही स्पर्धा म्हणजे ऑकलंड सिटीची जहागिरी. आत्तापर्यंत तेरा वेळा त्यांनीच नेलीय, त्यात 2011 ते 2017 सलग सात. 1987 मध्ये पहिल्यांदा झाली तेव्हापासून ऑस्ट्रेलिया नाहीतर न्यूझीलंड. या दोघांना सोडून करंडक फक्त दोनदा बाहेर गेला : 2009-10 ला पापुआ न्यू गिनीच्या हेकारी युनायटेडनं नेला आणि 2019 ला न्यू कॅलेडोनियाच्या येंगेन स्पोर्टनं.

मी 2019 पकडलंय. अंतिम सामना 11 मे 2019, नुमेआ, येंगेन स्पोर्ट 1, एएस मॅजेन्टा 0. दोन्ही क्लब न्यू कॅलेडोनियाचेच! आता अडलंय कुठं ते सांगतो. एकाच जागचे दोन क्लब फायनलला कसे? न्यू कॅलेडोनिया फ्रान्सच्या ताब्यात आहे ना, मग तिथल्या क्लबांनी फ्रान्समध्ये खेळायचं की इथं? आणि मुख्य म्हणजे हे झालं कसं? न्यूझीलंडवाले त्या वर्षी झोपले होते, नियम बदलले होते, का येंगेनची टीमच तशी होती? इंग्रजीत जे मिळतंय ते चार ओळींचं. फ्रेंच मला येत नाही. कुणाला माहिती असेल तर हात द्या राव.

नकाशावेडा

फ्रान्सचा गुंता आधी सोडवू. न्यू कॅलेडोनिया फ्रान्सचाच प्रदेश आहे, पण फुटबॉलपुरता त्यांचा वेगळा महासंघ आहे आणि 2004 पासून फिफाचं सदस्यत्वही. ताहितीचं तसंच, त्यांना ते 1990 मध्येच मिळालं. त्यामुळे दोघांचे क्लब ओशनियात खेळतात. गंमत म्हणजे फ्रेंच कपाचं दारही त्यांना उघडं आहे. न्यू कॅलेडोनियाचा एक क्लब दरवर्षी फ्रेंच कपाच्या सातव्या फेरीत थेट येतो. म्हणजे एकाच क्लबाला एका मोसमात होनियाराला सोलोमनच्या संघाशी खेळायचं आणि अर्धी पृथ्वी ओलांडून फ्रान्सच्या एखाद्या खालच्या डिव्हिजनच्या संघाशीही, असं होऊ शकतं. खेळाडू तर तिथून गेलेतच. 1998 चा विश्वविजेता क्रिस्तियाँ कारँब्यू लिफू बेटावरचा, आंत्वान कोंबुआरे नुमेआचा.

दोन क्लबांचं उत्तर सोपं आहे. तेव्हा सात मोठ्या महासंघांना प्रत्येकी दोन जागा होत्या. सामोआ, अमेरिकन सामोआ, टोंगा, कुक आयलंड्स या चौघांना आधी आपसात पात्रता फेरी खेळून मुख्य गटात यावं लागायचं. त्यामुळे एकाच जागचे दोघं फायनलला येण्यात नियमाची अडचण नव्हती. 2013 ला ऑकलंड सिटी आणि वाईताकेरे, 2015 ला ऑकलंड सिटी आणि टीम वेलिंग्टन, अशा न्यूझीलंड-न्यूझीलंड फायनली झाल्याच होत्या. 2019 चं नवल हे की दोन्ही क्लब न्यूझीलंडबाहेरचे निघाले.

आता येंगेन कुठे आहे ते नकाशात बघाच. ग्रांद तेर हे मुख्य बेट लांबुळकं, नुमेआ त्याच्या दक्षिण टोकाशी. येंगेन वर ईशान्य किनाऱ्यावर. दोन-अडीच हजार वस्तीचा कम्यून, बहुतेक कनाक, म्हणजे तिथले मूळचे लोक. समुद्रात काळ्या चुनखडीचे सुळके उभे आहेत, त्यातल्या एकाला खुडूक बसलेल्या कोंबडीचा आकार आहे म्हणून त्याचं नावही तेच. गावाच्या पुढे किनाऱ्याने जाताना वायेम नदीवर आजही पूल नाही, गाड्या तराफ्यावरून नेतात. कनाक स्वातंत्र्य चळवळीचे नेते जाँ-मारी चिबाऊ याच भागातले, इथले महापौरही होते. 1989 मध्ये त्यांची हत्या झाली. हे लेखात घ्या, कारण फायनल म्हणजे राजधानी विरुद्ध उत्तरेकडचं गाव होती. नुमा-दाली स्टेडियम नुमेआच्या ज्या भागात आहे त्याचं नावच मॅजेन्टा. म्हणजे सामना मॅजेन्टाच्या घरच्या अंगणात, आणि जिंकून गेले गाववाले.

पेठेतला_लेफ्टबॅक

नकाशावेडा, दंडवत! तराफा आणि कोंबडी दोन्ही घेतो. पण जिंकले कसे ते राहिलंच की.

सँडरिंगहॅमकर

मी ऑकलंडमध्ये राहतो, त्यामुळे माझं झुकतं माप कुठे असेल ते ओळखून वाचा. ऑकलंड सिटीचं किविटिया स्ट्रीटचं मैदान आमच्या सँडरिंगहॅममध्येच आहे. मुख्य रस्त्यावर आपली वाणसामानाची दुकानं, डोसा, चाट, मिठाई, आणि आत गल्लीत वळलं की हे मैदान. छोटंसंच. क्रोएशियन स्थलांतरितांच्या जुन्या सेंट्रल युनायटेड क्लबातून 2004 मध्ये हा क्लब निघाला. मोठ्या स्टेडियमची सवय असलेल्याला वाटेल शाळेच्या गॅदरिंगला आलोय.

लोकांना वाटतं ऑकलंड सिटी म्हणजे धनदांडगे व्यावसायिक. तसं नाहीये. 2019 ला न्यूझीलंडचा खरा व्यावसायिक क्लब म्हणजे वेलिंग्टन फिनिक्स, तो ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खेळायचा म्हणून या स्पर्धेत नसायचाच. ऑकलंड सिटीची पोरं नोकऱ्या करून खेळतात. 2025 च्या क्लब वर्ल्ड कपला (जगभरच्या बड्या क्लबांची स्पर्धा) अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सशी 1-1 झालं तेव्हा ज्याने गोल मारला तो ख्रिस्तियन ग्रे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेत होता. त्याच स्पर्धेत बायर्नकडून 10-0 खाल्ले होते, तेही सांगून टाकतो. पण बेटांच्या तुलनेत इथे मैदानं, प्रशिक्षण, स्पॅनिश वळणाचा पासिंगचा खेळ, बाहेरून आलेले खेळाडू, सगळंच नीट लागलेलं असतं.

2019 ला न्यूझीलंडचे दोन्ही संघ उपांत्य फेरीपर्यंत आले होते, झोपले वगैरे नव्हते. मॅजेन्टाने ऑकलंड सिटीला काढलं आणि येंगेनने टीम वेलिंग्टनला, जे गतविजेते होते. माझ्या मते कारण स्पर्धेच्या रचनेत आहे. 2018 ला फायनल दोन लेगची होती, म्हणजे एकेकाच्या घरी एकेक सामना. टीम वेलिंग्टनने फिजीच्या लाउटोकाला आधी 6-0 आणि मग 4-3 असं धुतलं. 2019 ला फायनल एकाच सामन्याची झाली. एका सामन्यात काहीही होऊ शकतं, दोन सामन्यांत तयारीचा संघ वर येतो.

शंकासूर

हे पटलं नाही. 2022 पासून प्रत्येक फायनल एकाच सामन्याची आहे. 2023 ला यजमान वानुआतू, 2024 ला ताहिती, 2025 ला सोलोमन. जिंकलं कोण? ऑकलंड सिटी, ऑकलंड सिटी, ऑकलंड सिटी. 2024 ला तर ताहितीतच जाऊन पिरेला 4-0. मग एका सामन्याचा फायदा बेटांना कुठे झाला?

उलट हेकारीचं बघा. 2009-10 ला फायनल दोन लेगची होती. पोर्ट मोर्सबीत त्यांनी वाईताकेरेला 3-0 हरवलं, परतीला ऑकलंडमध्ये 1-2 हरले, एकूण 4-2 ने करंडक. म्हणजे दोन लेगमध्येच बेटवाल्यांचं साधलं. घरच्या उन्हात, घरच्या गर्दीत एकदा मोठी आघाडी घ्यायची आणि मग तिकडे जाऊन तग धरायचा. हेच 2007 ला फिजीच्या बा संघाचं थोडक्यात हुकलं. घरी 2-1 जिंकले, परतीला 0-1. एकूण 2-2, आणि बाहेरच्या मैदानावरच्या गोलाच्या नियमाने वाईताकेरे विजेते. बामध्ये त्यांनी मारलेला तो एक गोल शेवटी महाग पडला.

सँडरिंगहॅमकर

हेकारीबद्दल एक गोष्ट विसरताय. त्या मोसमात न्यूझीलंडचे दोन्ही क्लब एकाच गटात होते, सोबत मॅजेन्टा आणि ताहितीचा मानू-उरा. दुसऱ्या गटात हेकारी, लाउटोका, वानुआतूचा ताफेआ आणि सोलोमनचा मारिस्ट. गटविजेते थेट फायनलला. म्हणजे हेकारीला फायनल गाठेपर्यंत न्यूझीलंडचं तोंड बघावं लागलं नाही. येंगेनला तशी सवलत नव्हती. त्यांना गतविजेत्यांना हरवूनच पुढे जायचं होतं. शिवाय हेकारीत सोलोमन आणि फिजीचे चांगले खेळाडू आणून भरले होते, प्रशिक्षक जेरी ॲलनही सोलोमनचेच. यात गैर काही नाही, पण गावाची टीम आणि जमवलेली टीम यात फरक आहे.

एका सामन्याचा मुद्दा मात्र शंकासुराने चांगलाच पकडलाय. आता मी एवढंच म्हणेन की 2019 ला न्यू कॅलेडोनियाची एक पिढी एकदम जमून आली होती. मॅजेन्टाही काही आयत्या वेळचे पाहुणे नव्हते. 2005 ला ते फायनलला होते, सिडनी एफसीकडून 2-0 हरले. त्यानंतर 2006 पासून ऑस्ट्रेलिया आशियाई महासंघात गेली आणि इथलं समीकरणच बदललं.

मडगावकर

थोडं विषयांतर, पण लेखाला आपल्याकडचा धागा हवा असेल तर घ्या. रॉय कृष्णा! भारतीय वंशाचा फिजियन, जन्म लाबासाचा. 2008 ला वाईताकेरेत आला, म्हणजे हेकारीच्या त्या मोसमात तो समोरच्या क्लबात होता. नंतर ऑकलंड सिटी, मग फिनिक्स, आणि 2019 ला कोलकात्याचा एटीके. 2020-21 ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) कोविडमुळे अख्खी गोव्यात झाली तेव्हा त्याने 14 गोल मारले, आमच्या एफसी गोवाच्या इगोर अंगुलोइतकेच. आमची मैदानं आणि आम्ही घरी टीव्हीसमोर, काय सांगू! 2016 च्या ऑलिंपिकला फिजीचा एकमेव गोल मेक्सिकोविरुद्ध, तोही याचाच. भारतातल्या वाचकाला ही स्पर्धा कळायला याच्याइतका सोपा माणूस नाही.

पेठेतला_लेफ्टबॅक

मडगावकर, रॉय कृष्णाला चौकटीत बसवतो. आता दोन बारीक शंका. येंगेन जिंकल्यावर क्लब वर्ल्ड कपला गेले, तिथं काय झालं? आणि तारखा जुळेनात. ताहितीतल्या सामन्याची एक साइट शनिवार सांगते, दुसरी रविवार.

नकाशावेडा

तारखांचं कारण आंतरराष्ट्रीय वाररेषा. ती ताहिती आणि न्यू कॅलेडोनियाच्या मधून जाते, दोघांच्या घड्याळात 21 तासांचा फरक. ताहितीत शनिवारी संध्याकाळी सामना सुरू होतो तेव्हा नुमेआ आणि ऑकलंडला रविवारची दुपार असते. लेखात स्थानिक तारीख द्या आणि तसं एकदा लिहून टाका. नुमेआ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. अंतराचंही एक वाक्य टाका : पापीते ते पोर्ट मोर्सबी साडेसहा हजार किलोमीटरच्या वर. म्हणून तर गटाचे सामने एकेका ठिकाणी सगळ्यांना बोलावून उरकतात. दर आठवड्याला विमानाची तिकिटं काढायला कोणाची ऐपत आहे?

सँडरिंगहॅमकर

क्लब वर्ल्ड कपचा सामना सोडू नका, माझ्या मते लेखाचा गाभा तोच आहे. 11 डिसेंबर 2019, दोहा, समोर कतारचा अल साद, तेही त्यांच्याच मैदानावर. त्यांच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून बार्सिलोनाचा जुना खेळाडू शावी. अल सादच्या बगदाद बुनेजाने 26 व्या मिनिटाला गोल मारला. मध्यंतर झालं, खेळ सुरू होतो न होतो तोच येंगेनच्या आंत्वान रुआनने बरोबरी साधली. हा तोच खेळाडू, ज्याच्या एकमेव गोलावर मे महिन्यात नुमेआची फायनल जिंकली होती. नव्वद मिनिटं संपली तेव्हा 1-1. जादा वेळेत मात्र पाय संपले आणि 3-1 झालं. येंगेनचे प्रशिक्षक फेलिक्स तागावा. तेव्हा हरणाऱ्या संघालाही पाच लाख डॉलर मिळायचे. अडीच हजारांच्या गावाच्या क्लबाला ती रक्कम किती होते याचा हिशोब तुम्हीच मांडा. तुलनेला हेकारी : 2010 ला अबू धाबीत अल वहदाकडून सरळ 3-0.

चित्रफितींसाठी ओशनिया महासंघाचं यूट्यूब चॅनेल चाळा, तिथे या स्पर्धेचं बरंच काही सापडतं.

शंकासूर

आणि पुढचं काय, हेही लिहा. 2020 चा मोसम कोविडमुळे मध्येच सोडून द्यावा लागला. क्लब वर्ल्ड कपसाठी ऑकलंड सिटीचं नाव दिलं, तर विलगीकरणाच्या नियमांमुळे त्यांनीही माघार घेतली. 2021 ची स्पर्धा झालीच नाही. म्हणजे येंगेनला आपला करंडक राखायची धड संधी मिळाली नाही. 2026 पासून ओशनियाची नवी व्यावसायिक लीग सुरू झाली. आठ संघ : न्यूझीलंडचे दोन, ऑस्ट्रेलियाचा साउथ मेलबर्न, शिवाय फिजी, ताहिती, वानुआतू, सोलोमन आणि पापुआ न्यू गिनीचा एकेक. हेकारी त्यात आहे. न्यू कॅलेडोनियाचा एकही संघ नाही.

पेठेतला_लेफ्टबॅक

आयला, हे माहितीच नव्हतं. मग 2019 वरच लिहितो, ठरलं. हेकारीला दोन परिच्छेद, बाकी येंगेन. संपादक म्हणतोय पानभरच जागा आहे, त्याला बघतो. सँडरिंगहॅमकर, किविटिया स्ट्रीटच्या मैदानाचा तुम्ही स्वतः काढलेला एखादा फोटो असेल तर वापरू का? खाली नाव कसं द्यायचं तेवढं व्यनि करा.

सँडरिंगहॅमकर

आहेत, पाठवतो. एकात मैदानापेक्षा सॉसेजची रांग जास्त दिसते, तो चालेल का बघा.