एचआरच्या सॉफ्टवेअरमधली 'वॉल' : तुमच्याकडे चालली का?

आमच्या हापिसात एचआरचं नवीन सॉफ्टवेअर आलंय. रजा, हजेरी, पगाराची स्लिप, अप्रेझल हे तर असतंच, पण ह्यात एक वॉल पण आहे, पोस्ट टाका, लाइक करा, शाबासकीचे बॅज वाटा वगैरे. साहेब लोकांचं म्हणणं की हेच आता आपलं आतलं फेसबुक, वेगळं काही घ्यायची गरज नाही. मला काही पटत नाहीये. जिथे रजा मंजूर होते का बघायला धाकधूक करत जायचं तिथेच गप्पा कोण मारणार? अनुभव असतील तर लिहा, कंपन्यांची नावं मात्र नकोत.

---

चाललं की, ३ महिने. मग उरल्या त्या सिस्टीमने आपोआप टाकलेल्या शुभेच्छा. माझ्या शेजारी बसणाऱ्याने राजीनामा दिलेला, नोटीस पिरियडचा शेवटचा दिवस, आणि नेमकी त्याच दिवशी त्याची ५ वर्षं भरली. सकाळी ९ ला वॉलवर फुगे, 'अभिनंदन, अशीच साथ राहू दे'. खाली २३ जणांनी अभिनंदन केलं, त्यात त्याचा मॅनेजर पण, ज्याच्याशी वाजलं म्हणून हा चालला होता तोच! संध्याकाळी खातं बंद झालं, नावाच्या जागी 'इनॅक्टिव्ह युजर' आलं. फुगे अजून आहेत.

---

मी एचआरमध्येच आहे, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. पण एक गोष्ट ह्या सॉफ्टवेअरला जमते ती दुसऱ्या कशाला जमत नाही, ती म्हणजे माणसांची यादी. नवीन माणूस जॉइन झाला की त्याच्या डिपार्टमेंटच्या ग्रुपात आपोआप येतो, सोडून गेला की त्याच दिवशी बाहेर. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात सोडून गेलेला माणूस वर्षभर आमची टार्गेटं वाचत बसला होता, कुणाच्या लक्षातच नाही.

आता आमची चूक पण सांगते. वॉल ओस पडली म्हणून वरून हुकूम आला, महिन्याला २ पोस्ट केआरएमध्ये, म्हणजे अप्रेझलला मोजतात त्या उद्दिष्टांत, टाका. झालं, सगळीकडे सूर्योदयाचे फोटो. आणि एकदा इन्क्रिमेंट लांबल्याबद्दल कुणीतरी जरा तिखट लिहिलं, तर ती पोस्ट कुणी कुणी लाइक केली त्याची यादी मागितली गेली माझ्याकडे. अ‍ॅडमिनला दोन क्लिकचं काम आहे ते. दिली काढून. नाही म्हणायला हवं होतं.

---

वरची यादीची गोष्ट वाचून आमचा निनावी सर्व्हे आठवला. नाव विचारलं नाही, पण डिपार्टमेंट, किती वर्षं झाली आणि वयोगट विचारला. आमच्या टीममध्ये माणसं ४. बाकी तुम्ही समजून घ्या.

---

आमच्याकडे उलटं, आधी खास सोशल साधन होतं, फेसबुकवाल्यांचं वर्कप्लेस. २०१६ ला आलं होतं ते, आणि २०२४ मध्ये मेटाने बंद करतोय म्हणून जाहीर केलं. यामर हे असंच दुसरं साधन तर त्याच्याही आधीचं, २००८ चं, मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये १.२ अब्ज डॉलरला घेतलं, आता त्याचं नाव व्हिव्हा एंगेज. म्हणजे हाच मुख्य धंदा असलेल्यांची ही गत, तिथे पगाराच्या स्लिपला चिकटवलेली वॉल काय करणार? तसं बघायला गेलं तर एचआरचं अ‍ॅप झाडून सगळे उघडतात, स्लिप बघायला का होईना, पण बघितली की लगेच बंद.

---

मी प्लांटमध्ये सुपरवायझर आहे. इथल्या बऱ्याच लोकांना कंपनीचा ईमेलच नाही, त्यामुळे टीम्स, स्लॅक वगैरे ऑफिसच्या चॅट अ‍ॅपची चर्चा आमच्यासाठी नाहीच. फोनवर एचआरचं अ‍ॅप तेवढं सगळ्यांकडे, कारण हजेरी त्यावर लागते. कुणीतरी वॉलवर लिहिलं, 'शुक्रवारची नाइट कोण घेतं, बदल्यात रविवार देतो'. १० मिनिटांत माणूस मिळाला. तेव्हापासून रोज ४-५ पोस्टी असतातच, शिफ्ट बदली, बस उशिरा आहे, लॉकरची किल्ली सापडली, एकाने तर ८ नंबरचे कोरे सेफ्टी शूज बदलून ९ चे मागितले. वाढदिवसाचे फुगे येतात अधूनमधून, पण ते वर सरकवून खालचं बघतात लोक.

---

धागा काढणारा परत आलोय. प्लांटवाले दादा, त्या पोस्टींना लाइक किती पडतात हो? आमच्याकडे रिपोर्टमध्ये तेच मोजतात.

---

लाइक कोण करतंय. शिफ्ट मिळाली की खाली 'झालं' लिहितात.