भीती आणि नोकरी

‘ज्याला भीती वाटते त्याने धोक्याच्या नोकरीत जाऊच नये’ असं कुणीतरी लिहिलंय. नाही पटलं. माझे मामा कोकण रेल्वेवर पावसाळ्यात रात्रीची गस्त घालायचे आणि चांगले टरकायचे. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून पन्नासहून जास्त माणसं गेली, पुढच्याच जूनमध्ये करंजाडीला मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. त्यानंतर कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या रुळांच्या वाटेत, शिरायच्या आधी ते थांबून कानोसा घ्यायचे.

साप, बिबट्या वगैरे ठीक. खरी धास्ती म्हणजे दरड दिसली आणि गाडी यायच्या वेळेलाच दिसली तर! मग लाल दिवा हलवत गाडीच्याच दिशेने पळायचं, ६०० मीटरवर रुळावर एक फटाका लावायचा, १२०० मीटरवर दहा-दहा मीटर सोडून तीन. चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हर ब्रेक लावतो. ओल्या खडीवरून सव्वा किलोमीटर पळून बघा एकदा.

फटाक्याच्या पट्ट्या रुळाला वाकवून बसवाव्या लागतात, तिथे हात थरथरून चालत नाही. म्हणून मामा जेवण झालं की पत्र्याची पट्टी पाटाच्या कडेला डोळे मिटून वाकवत बसायचे. मामी वैतागायची, पाटाला चरे पडतात म्हणून.